नदीला ओळखणाऱ्यांचे ऐकूया



प्रभूचे पहिले शिष्य कोळी होते. रात्रभर राबून रिकामे जाळे ओढण्याचे दुःख त्यांना ठाऊक होते. आज आपण अशा मच्छीमारांची ओळख करून घेऊ, ज्यांच्या जाळ्यात मासळी येते, पण त्या मासळीतच विष असते.

ब्राझीलच्या उत्तरेस, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, तापाजोस नदीकाठी मुंडुरुकू आदिवासी राहतात. मासे हे त्यांचे रोजचे अन्न. सोन्यासाठी बेकायदा खाणकाम करणारे लोक नदीकाठ खणतात व गाळातील सोने धरून ठेवण्यासाठी पारा वापरतात. तो पारा नदीत उतरतो. तळाच्या गाळातील सूक्ष्म जंतू त्याला अधिक विषारी बनवतात. मग तो लहान माशांत आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातो. मासे शिजवले तरी तो नाहीसा होत नाही. गर्भातील बाळाच्या मेंदूला त्याचा मोठा धोका असतो. 2019 साली ओस्वाल्दो क्रूझ फाउंडेशनच्या संशोधकांनी तीन गावांतील सुमारे 200 जणांचे केस तपासले. प्रत्येकाच्या केसांत पारा आढळला. दहापैकी जवळजवळ सहा जणांत तो सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त होता.

मग मासे खाणेच सोडायचे का? याच नदीकाठच्या ब्रासिलिया लेगाल या गावी 1990 च्या दशकात संशोधक आणि गावकरी यांनी एकत्र बसून विचार केला. कोणता मासा काय खातो, हे मच्छीमारांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. फळे-पाने खाणाऱ्या माशांत पारा कमी असतो. त्यातून सोपा नियम निघाला: जे मासे दुसऱ्या माशांना खात नाहीत, ते अधिक खा. गावकऱ्यांच्या शरीरातील पारा पुढे कमी झाला.

पण अशा नियमाने नदी शुद्ध होत नाही. म्हणून 2014 साली मुंडुरुकूंनी सरकारसाठी स्वतःचे नियम लिहिले. आम्हाला विचारायचे असेल तर निर्णय घेण्याआधी विचारा. शहरात नव्हे, आमच्या गावात या. आमच्या भाषेत बोला. पेरणीच्या दिवसांत सभा घेऊ नका. त्यांच्या नेत्या अलेसांद्रा कोराप यांच्या पुढाकाराने झालेल्या लढ्यानंतर 2021 साली अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीने आदिवासी प्रदेशांतील 27 खनिज-शोध अर्ज मागे घेतले. 2024 साली सरकारने त्यांचा सावरे मुइबू हा प्रदेश आदिवासी भूमी म्हणून घोषित केला. तरीही पाऱ्याचा प्रश्न सुटलेला नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या पत्रात हेच शिकवले: आदिवासींच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा चर्चेत त्यांना मुख्य स्थान हवे. आपण मदतीचा हात पुढे करतो, पण आधी कान देतो का?

कुटुंबात चर्चा करूया:
1. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांकडे समुद्राचे कोणते ज्ञान आहे? आपण ते कधी विचारले का?
2. आपण सोने घेताना ते कोठून आले, याचा विचार करतो का?