मर्फीचा नियम: रडगाणं नाही, कामाची पद्धत



"जे बिघडू शकतं, ते बिघडणारच." ऑर्डर पाठवायच्या दिवशीच प्रिंटर बंद पडला की आपण हे वाक्य म्हणतो आणि नशिबाला दोष देऊन मोकळे होतो. पण ज्यांनी हा नियम रूढ केला, त्यांनी तो नेमका उलट्या कामासाठी वापरला. कसा, ते बघूया.

नियम आला कुठून?

साल 1949. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, आज एडवर्ड्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या हवाई तळावर, रुळांवरून रॉकेटच्या जोराने धावणाऱ्या गाडीच्या चाचण्या चालू होत्या. एकदम ब्रेक लागला तर माणसाचं शरीर किती झटका सहन करतं, हे शोधायचं होतं. डॉ. जॉन स्टॅप हे हवाई दलाचे अधिकारी स्वतः त्या गाडीत बसायचे.

झटका मोजायला कॅप्टन एडवर्ड मर्फी या इंजिनिअरने सेन्सर आणले. चाचणी झाली आणि रीडिंग आलं शून्य! सेन्सर दोन प्रकारे बसवता येत होते, आणि ते चुकीच्या प्रकारे बसवले गेले होते.

मर्फी वैतागून जे बोलले, त्याच्या नेमक्या शब्दांवर तिथल्या लोकांचंही पुढे एकमत झालं नाही. आशय असा: काम करायच्या दोन पद्धती असतील आणि एकीत घोटाळा होणार असेल, तर कोणीतरी तीच पद्धत वापरणार. प्रोजेक्ट मॅनेजर जॉर्ज निकोल्स यांनी याला 'मर्फीचा नियम' म्हणायला सुरुवात केली. पुढे पत्रकारांनी सुरक्षिततेबद्दल विचारलं, तेव्हा स्टॅप यांनी श्रेय या नियमाला दिलं. काय बिघडू शकतं याचा विचार ते चाचणीच्या आधीच करत होते.

विचार तसा जुनाच. जहाजांच्या धंद्यातले ब्रिटिश इंजिनिअर आल्फ्रेड होल्ट यांनी 1877 मध्येच म्हटलं होतं की समुद्रावर जे बिघडू शकतं, ते आज ना उद्या बिघडतंच.

आपल्या धंद्यात काय करायचं?

समजा, तुम्ही मसाले विकता. तिखट आणि कमी तिखट, दोन्हींच्या बरण्या सारख्या आणि झाकणंही सारखी. गर्दीच्या दिवशी लेबलांची अदलाबदल होणारच. पोराला ओरडून उपयोग नाही. झाकणाचा रंग बदला.

1. ऑर्डर आल्यापासून माल पोचेपर्यंतची प्रत्येक पायरी कागदावर लिहा.
2. प्रत्येक पायरीसमोर लिहा: इथे उलटं काय होऊ शकतं?
3. चुकीची पद्धत शक्यच होणार नाही असं बघा. वेगळा रंग, वेगळा डबा, वेगळी जागा.
4. तेही जमत नसेल, तर माल निघण्याआधी दुसऱ्या माणसाकडून तपासणी करून घ्या.

"नीट लक्ष दे" ही सूचना झाली, व्यवस्था नाही. सूचना घाईत विसरली जाते. लाल झाकण लालच राहतं.

आजचा गृहपाठ: गेल्या महिन्यात दोनदा झालेली एक चूक निवडा. ती कोणी केली हे सोडा. ती करणं शक्य का झालं, ते लिहा.