घरी बनवलेल्या गाडीला नंबर मिळेल का?

प्रश्न : जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर छोटी चारचाकी बनवली आहे. पासिंग कसं होईल? – एक वाचक, निलंगा

उत्तर : सध्याच्या नियमांत ते फार अवघड आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 प्रमाणे नोंदणीविना गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीच्या फॉर्म 20 सोबत विक्रीचा फॉर्म 21 आणि रस्तायोग्यतेचा फॉर्म 22 लागतो. हे कागद कंपनीची गाडी घेणाऱ्याला आपोआप मिळतात. हौशी कारागिराला ते कोण देणार? त्याआधी नियम 126 प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून नमुन्याची मंजुरी हवी. एकाच गाडीसाठी हा खर्च झेपत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी गाडी बनवली. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं. बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली.

नोंदणी होत नाही तोवर गाडी स्वतःच्या शेतातच चालवावी. इंजिनाची पावती आणि मूळ आरसी जपून ठेवावी.