गॅलरीतली बाग आणि गांधीलमाश्या

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतली घरं लहान. त्यामुळे आमची सगळी बाग गॅलरीतच. तुळस, कढीपत्ता, जास्वंद, गवती चहा. इंग्लंड क्लस्टरमधल्या या गॅलरीत झाडं वाढली तशा गांधीलमाश्याही येऊ लागल्या. त्या का येतात हे समजून घेतलं, की निम्मा प्रश्न सुटतो.

१. आधी माशी ओळखा.
बारीक कमरेच्या, उडताना लांब पाय लोंबणाऱ्या पिवळ्या माश्या लाकडाचा भुगा चावून एका देठावर लटकणारं कागदी पोळं बांधतात. तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेली मोठी गांधीलमाशी जमिनीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. तिच्यापासून लांबच राहा. मातीचे बुधले लिंपणारी कुंभारीण एकटी असते आणि सहसा डसत नाही. तिला राहू द्या.

२. पाणी साचू देऊ नका.
उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो तेव्हा माश्यांना पिण्यासाठी आणि पोळं गार ठेवण्यासाठीही पाणी हवं असतं. एसीच्या नळीची गळती आणि कुंडीखालच्या ताटल्या हेच त्यांचे पाणवठे. नळी थेट ड्रेनमध्ये सोडली, ताटल्या कोरड्या ठेवल्या, की वर्दळ कमी होते.

३. पान उलटून पाहा.
जास्वंदीवर माश्या घुटमळू लागल्या, की बहुतेकदा पानामागे मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडतो. त्यांच्या गोड चिकट्यासाठी माश्या येतात. साबणाच्या पाण्याने देठ पुसा, मग कडुनिंबाचं तेल फवारा. खजूर, आंब्याच्या साली गॅलरीत ठेवू नका.

४. तिचं कामही बघा.
कढीपत्त्यावर लिंबावरच्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्या पडल्या, की बघता बघता डहाळी बोडकी होते. एका सकाळी गांधीलमाशीने अशी एक अळी धरलेली मी पाहिली. पायांत फिरवत फिरवत तिने ती चावली, हिरवा गोळा केला आणि उडाली. स्वतः ती गोडावर जगते. हा गोळा पोळ्यातल्या पिल्लांसाठी. आपण रोज फोडणीला घालतो त्या पानांवर विष मारण्यापेक्षा ही राखण बरी.

५. पोळं वेळीच हेरा, पण स्वतः काढू नका.
थंडी सरली, की एसीच्या युनिटमागे, रेलिंगच्या पोकळीत, कुंडीच्या काठाखाली नजर टाकत जा. पोळं दिसलं तर इमारतीच्या मेंटेनन्सला कळवा आणि दुबई म्युनिसिपालिटीचा परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोललाच बोलवा. चोरून विकल्या जाणाऱ्या विषारी गोळ्या घरात आणू नका. त्यांचा वायू शेजारच्या घरात शिरून यूएईत लहान मुलं दगावली आहेत.

६. डसली तर वेळ घालवू नका.
तिची नांगी मधमाशीसारखी तुटून राहत नाही. ती पुन्हा डसू शकते. म्हणून हात न झटकता आत या. जागा साबणाने धुवा, बर्फ लावा. चुना, लोखंड घासत बसू नका. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा.

७. शेजाऱ्यांना सांगा.
इथे भिंतीपलीकडे वेगळ्या देशाचं, वेगळ्या भाषेचं घर असतं. बोलणं जमत नसेल तर फोनवर पोळ्याचा फोटो दाखवा. त्यांचीही मुलं गॅलरीत खेळतात.