खोट्या 'रिसेट'चा बंदोबस्त

व्यापारी बंधूंनो, माल वाटेत असताना पार्टीच्या नावाने "सौदा रद्द" अशी चिठ्ठी कोणी तिसऱ्यानेच आणून दिली तर? संगणकांच्या व्यवहारात असे घडते. चालू संपर्क तत्काळ तोडणाऱ्या निरोपाला 'रिसेट' म्हणतात. त्यावर सही नसते, म्हणून वाटेत बसून व्यवहार पाहणारा तो दोघांच्याही नावाने धाडू शकतो.

चीनची सरकारी फायरवॉल हेच करत होती. नको तो शब्द दिसला की दोन्ही टोकांना रिसेट. खरा मजकूर मात्र ती अडवत नव्हती! २००६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दोन्हीकडे रिसेट टाकून दिले आणि मजकूर बिनधोक पोहोचला. एकाच बाजूने केले असते तर भागले नसते.

लिनक्सच्या 'आयपीटेबल्स' फायरवॉलमध्ये नियम सोपा आहे: आत येणाऱ्या टीसीपी पॅकेटवर रिसेटची खूण असेल तर 'ड्रॉप'. पण घाई नको. आधी 'लॉग' लावून काही दिवस नोंद पाहा. पॅकेटवरचा 'टीटीएल' आकडा त्याच पार्टीच्या इतर पॅकेटांहून वेगळा असेल, तर चिठ्ठी बहुधा बनावट. नियमही त्याच पत्त्यापुरता व पोर्टापुरता ठेवा. सरसकट लावलात तर खरे रिसेटही जातील आणि मेलेले संपर्क उगाच ताटकळत राहतील.