लांब शब्द फोडून वाचा

काही इंग्रजी शब्द आता आपल्या शिवारात येऊन बसले आहेत. ते म्हणताना जीभ अडते. पण लांब शब्दाला भिऊ नये. आख्खा ऊस आपण एकदम तोंडात घालीत नाही. पेरापेरावर मोडतो आणि मग खातो. शब्दही तसाच मोडावा.

फवारणीच्या दिवसांत एक शब्द नेहमी कानी पडतो : इन्सेक्टिसाइड. तो सावकाश म्हणा. दर तुकड्याला एक टाळी वाजवा. 'साइड' मात्र एका दमात म्हणा.

इन् – सेक् – टि – साइड.

टाळ्या किती झाल्या? चार. ही झाली उच्चाराची फोड.

आता अर्थाची फोड करू. ती निराळी असते. इथे तुकडे दोनच. इन्सेक्ट म्हणजे कीटक. साइड म्हणजे मारणारे. मधली 'इ' दोघांना सांधते. आपला 'कीटकनाशक' शब्द असाच झाला आहे, बघा : कीटक आणि नाशक.

हा 'साइड' लॅटिन भाषेतून आला. लॅटिन ही जुन्या रोमची भाषा. रस्त्याची 'साइड' वेगळी. ती म्हणजे बाजू.

हे शेपूट ओळखले की आणखी शब्द उलगडतात.

फन् – जि – साइड : फंगस म्हणजे बुरशी. हे बुरशीनाशक.

हर् – बि – साइड : लॅटिनमध्ये हर्बा म्हणजे गवत, झाडपाला. हे तणनाशक.

रो – डेन् – टि – साइड : रोडेंट म्हणजे कुरतडणारा प्राणी. हे उंदीर-घुशींचे औषध.

शेपूट सर्वांचे एकच. म्हणून शब्दाचे डोके नीट वाचावे. किडीसाठी औषध आणायला गेलो आणि हर्बिसाइड घेऊन आलो, तर काय होईल? कीड राहील आणि पीक जाईल. टू-फोर-डी नावाच्या तणनाशकाचे वाऱ्याने उडालेले तुषारसुद्धा कपाशीला बाधतात. तिची पाने आकसतात. मग तेच पंपात भरून कपाशीवर मारले तर सारे वर्ष वाया जाईल. तेव्हा दुकानात नाव ऐका, डब्यावरचे वाचा, फोड करा आणि मगच पैसे द्या.

आणि एक ध्यानात ठेवा. या नावांत शेवटी 'साइड' आले, की ते विष समजावे. मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सराव
१. 'पेस्टिसाइड' म्हणताना टाळ्या किती पडतात?
२. पेस्ट म्हणजे पिकाला उपद्रव देणारा जीव. तर पेस्टिसाइड म्हणजे काय?
३. घरातील औषधाच्या डब्यावरचे नाव वाचून त्याची फोड वहीत लिहा. डबा उघडू नका. नंतर हात साबणाने धुवा.