विहिरींतील बुडी व समुद्रांतील बुडी

आपला वाशीम जिल्हा समुद्रापासून शेंकडों मैल आंत आहे. येथील मुलें पोहावयास शिकतात तीं विहिरींत, तळ्यांत किंवा पैनगंगेच्या डोहांत. विहिरीचा तळ गांठून मूठभर चिखल वर आणणें हा त्यांच्यांत मोठा पराक्रम समजला जातो. अशी बुडी मारतांना प्रत्येक मुलगा एक नियम कोणीं न शिकवितां पाळतो. तो म्हणजे छातीभर श्वास घेऊन तो कोंडून धरणें. विहिरींत हें योग्यच आहे. परंतु पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरलेल्या मनुष्यानें तसेंच केलें, तर त्याचे प्राण जाण्याचा संभव असतो. एकाच कृतीचीं हीं दोन विरुद्ध फळें कां, हें समजून घेणें हा प्रस्तुत पाठाचा हेतु आहे.

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही उभयतां सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मालवणास गेलों होतों. समुद्रांत बुडी मारण्याचा आमचा तो पहिलाच प्रसंग. आम्हां दोघांपैकीं एकास पोहण्याची संवय ती विहिरींतली, आणि दुसऱ्यास पोहणें मुळींच ठाऊक नाहीं. मालवणसमोर कुरटे बेटावर छत्रपति शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. त्याच्या आसपासच्या बुडालेल्या खडकांवर पोंवळ्यांची वस्ती असून, १९८७ सालीं येथील सुमारें २९ चौरस किलोमीटरचें क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. जवळच तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी संस्था आहे. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला व गढूळ असतो, म्हणून बुड्यांचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे एवढाच. नवख्या मनुष्यास शिक्षक स्वतः धरून थोड्याच खोलीपर्यंत नेतात. त्यामुळें पोहतां न येणाऱ्यासही उतरतां येतें.

या विद्येस स्कूबा म्हणतात. पाण्याखालीं श्वास घेण्याचें स्वयंपूर्ण साधन, या अर्थाच्या पांच इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव झालें आहे. फ्रान्सच्या आरमारांतील अधिकारी झाक कुस्तो व एमिल गान्यां नांवाचे एंजिनियर यांनीं १९४३ सालीं या साधनाचा आजचा नमुना सिद्ध केला. टाकींत साधी हवाच दाबून भरलेली असते. तोंडांत धरावयाच्या रेग्युलेटरची करामत अशी कीं, मनुष्य श्वास ओढील तेव्हांच तो हवा सोडतो, आणि भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची सोडतो. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी. सर्व मर्म तींतच आहे.

आतां थोडें गणित करूं. समुद्राच्या पृष्ठभागीं आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्राच्या पाण्यांत दर १० मीटर खोलीस आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणून १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट व ३० मीटरवर चौपट होतो. रॉबर्ट बॉइल यांनीं १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण वर्गांत शिकलों आहों: तापमान कायम असतां, दाब जितक्या पट वाढेल तितक्या पट वायूचें आकारमान घटतें. विहिरींत उतरणारा मुलगा वरच्या हवेचे समजा ६ लिटर छातींत घेऊन जातो. सुमारें १० मीटर खालीं त्याचे ३ लिटर होतात. वर येतांना पुन्हां ६ होतात. त्याच्या छातींत जेवढी हवा मावत होती तेवढीच परत येते, म्हणून त्यास इजा होत नाहीं. परंतु टाकीवाल्याची गोष्ट वेगळी. तो १० मीटरवर ६ लिटर हवा घेतो, ती दुप्पट दाबाची. ती कोंडून तो वर येऊं लागला, तर पृष्ठभागीं तिला १२ लिटर जागा हवी. फुप्फुसांत तेवढी जागा नाहीं. तीं फाटतात व हवा रक्तांत शिरते. बाहेर पडण्यास तिला मार्ग हवा, आणि तो मार्ग म्हणजे चालू असलेला श्वास. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा: श्वास कधींही कोंडूं नये.

येथें आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ३० मीटरवरून २० मीटरवर आलें असतां दाब चौपटीचा तिप्पट होतो, म्हणजे हवा केवळ तिसऱ्या हिश्श्यानें फुगते. शेवटच्या १० मीटरांत मात्र ती दुप्पट होते. अर्थात् उथळ पाणी निर्धोक, ही समजूत खोटी आहे. छातीभर हवा कोंडून अवघ्या सव्वा मीटरवरून वर उसळल्यानेंही फुप्फुसें दुखावल्याचीं उदाहरणें आहेत. भय खोलीचें नव्हे. भय घाबरून श्वास कोंडण्याचें व घाईनें वर येण्याचें आहे.

पाण्याखालीं बोलतां येत नाहीं. सर्व व्यवहार हातांच्या खुणांनीं होतो. अंगठा वर करणें म्हणजे उत्तम चाललें आहे असें नव्हे, तर वर चला असें. ठीक आहे हें सांगावयास अंगठा व तर्जनी यांचें कडें करितात. आम्ही सुमारें दोन मीटर उतरलों तोंच आमच्या सहधर्मिणीनें पंजा हालवून कानाकडे बोट दाखविलें. शिक्षकांनीं तत्काळ तिला थोडें वर आणलें. नाक चिमटींत धरून हळूच फुंकतांच कान मोकळे झाले व आम्ही पुन्हां उतरलों. कानाच्या पडद्यामागील पोकळीस घशाशीं जोडणारी एक नळी आहे. तिच्यावाटें आंत हवा गेली म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. विहिरीच्या तळाशीं कान ठणकतात त्याचें कारणही हेंच. ठणका सोसून खालीं जाणें हें शौर्य नव्हे. त्यानें पडदा फाटतो. पडसें असतां ती नळी बंद असते, म्हणून त्या दिवशीं बुडी मारूं नये.

खालीं पिवळ्या पट्ट्यांचे मासे आमच्या हाताजवळून निःशंक जात होते. पाणी कोमट असूनही अर्ध्या घटकेंत अंगावर शहारे आले. समुद्र २७-२८ अंश उष्ण असला, तरी आपलें शरीर ३७ अंशांचें. आणि पाणी हवेच्या सुमारें २५ पट वेगानें उष्णता वाहून नेतें. पोंवळ्यांस हात लावूं नये अशी सक्त ताकीद होती. तीं दगडासारखीं दिसलीं, तरी सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती आहेत. स्पर्शानें तीं मरतात.

दुसरा नियम सावकाश वर येण्याचा. दाबाखालीं हवेंतील नायट्रोजन रक्तांत व मांसांत विरघळतो. एकदम वर आल्यास, सोड्याची बाटली उघडतांच फेस यावा, तसे त्याचे बुडबुडे अंगांत उठतात. सांधे दुखतात, कधीं पक्षाघातही होतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञांनीं १९०८ सालीं, टप्प्याटप्प्यानें कसें वर यावें याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांच्या पूर्वप्रयोगांच्या वेळीं, १९०६ सालीं, त्यांचा १३ वर्षांचा मुलगाही पाणबुड्याच्या पोशाखांत समुद्रांत उतरला होता. तेच जे. बी. एस. हाल्डेन पुढें १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तले.

हा नियम पाण्याबाहेर आल्यावरही सुटत नाहीं. एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास, व अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये, कारण उंचावर हवेचा दाब कमी असतो. आपणां वऱ्हाडकरांस तर विमान नसलें तरी घाट आहे. मालवणाहून परततांना आंबोलीस आलें कीं आपण समुद्रापासून सुमारें ६९० मीटर वर असतों. आमची बुडी उथळ होती. तरी ती रात्र आम्ही मालवणांतच काढली व दुसऱ्या दिवशीं घाट चढलों.

तिसरा नियम जोडीचा. बुडी एकट्यानें मारावयाची नसते, आणि जोडीदारांपैकीं कोणीही, केव्हांही, कारण न सांगतां वर चला अशी खूण करूं शकतो. दुसऱ्यानें ती निमूटपणें मानली पाहिजे. पुढें तिजवरून थट्टाही करूं नये. पतिपत्नींनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. पैसे भरले आहेत, लोक काय म्हणतील, असल्या विचारांनीं भ्यालेल्या माणसास खालीं रेटणें म्हणजे त्यास श्वास कोंडावयास लावणेंच होय. दमा, हृदयविकार किंवा कानाचा विकार असणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भवतींनीं या वाटेस जाऊं नये.

पालकांस विहिरीविषयींही दोन शब्द सांगावेसे वाटतात. बुडी लांबावी म्हणून कांहीं मुलें आधीं भराभर दीर्घ श्वास घेतात. त्यानें रक्तांतील कार्बन डायॉक्साइड घटतो. श्वासाची निकड वाटावयास उशीर लागतो आणि तेवढ्यांत मुलगा पाण्याखालींच बेशुद्ध होतो. ही खोड मोडावी, आणि कांठावर पोहणारें शहाणें माणूस असल्यावांचून मुलांस विहिरींत उतरूं देऊं नये. विद्यार्थिमित्रहो, वर्गांत पाठ केलेला बॉइलचा नियम परीक्षेपुरता नाहीं. तुमच्यापैकीं कोणी उद्यां मालवणास जाईल, कोणी आजच विहिरीच्या कठड्यावर उभा राहील. कोठें श्वास धरावा व कोठें सोडावा, हें त्यानें पाण्यांत पाय घालण्यापूर्वींच जाणून असावें.