रिकामी कचेरी आणि मोजपट्टी



गेल्या डिसेंबरात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी ग्वाल्हेरला माहेरी आली होती. ती कॅनडातील कॅलगरी या शहरी राहते. नववी-दहावीच्या मुलांशी तिने तासभर गप्पा मारल्या. थंडी किती पडते, शाळा किती वाजता भरते, हे नेहमीचे प्रश्न झाल्यावर एका मुलाने विचारले, "ताई, तुमचे घर कसे आहे?" ती म्हणाली, "मी ऑफिसात राहते." वर्ग हसला. मग तिने उलगडून सांगितले. तिचा फ्लॅट ज्या उंच इमारतीत आहे, तेथे काही वर्षांपूर्वीपर्यंत कचेऱ्या होत्या. आज जेथे तिची शेगडी आहे, तेथे पूर्वी फायलींची कपाटे असावीत.

आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि आमची नजर खिडकीतून समोरच्या इमारतीवर गेली. बाजाराच्या रस्त्याला लागून असलेली आपल्या संस्थेची ही जुनी इमारत सर्वांच्या ओळखीची आहे. खाली शाळेचे भांडारगृह, वरचा मजला भाड्याने. तेथे एकोणीस वर्षे एका विमा कंपनीची कचेरी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जागा सोडली आणि तेव्हापासून मजल्याला कुलूप आहे. त्या भाड्यातून दरवर्षी काही मुलांची फी भरली जात असे. यंदा ती रक्कम आम्हांला दारोदार फिरून गोळा करावी लागली. इमारत पाडून दुकाने बांधावीत असे काही विश्वस्तांचे मत आहे, काहींना मुलींचे वसतिगृह हवे आहे, पालकांपैकी पुष्कळांना वाचनालय. म्हणून हा धडा. कॅलगरीने काय केले ते आधी पाहू, मग आपल्या मजल्याकडे वळू.

फेब्रुवारी १९४७ मध्ये एडमंटन शहराजवळ लेड्यूक येथे मोठा तेलसाठा सापडला. तेल कंपन्यांनी कचेऱ्या मात्र कॅलगरीत थाटल्या. बॅरन नावाच्या वकिलाने, ज्यांची चित्रपटगृहेही होती, १९५१ मध्ये तेथे अकरा मजल्यांची इमारत उभी केली. खाली चित्रपटगृह, मध्ये तेल कंपन्यांच्या कचेऱ्या आणि सर्वांत वर मालकाचे स्वतःचे घर. लोकांना ते विचित्र वाटले असेल, पण आज पाहता त्या माणसाची अक्कल दिसते. पुढच्या साठ वर्षांत शहराच्या मध्यभागी काचेच्या मनोऱ्यांचे रानच उगवले. त्यांत मात्र फक्त कचेऱ्या. सकाळी माणसे येत, संध्याकाळी निघून जात.

२०१४ च्या मध्यापर्यंत तेलाचा भाव पिंपाला १०० डॉलरच्या वर होता. २०१६ च्या सुरुवातीस तो ३० च्याही खाली गेला. कंपन्यांनी माणसे कमी केली, मजले सोडले. त्यात २०२० मध्ये करोना आला आणि उरलेले लोकही घरून काम करू लागले. २०२१ मध्ये मध्य कॅलगरीतील कचेऱ्यांची ३० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी होती, म्हणजे जवळजवळ दर तिसरा मजला. रिकामी इमारत गप्प बसते असे समजू नका. तिला पहारा लागतो, दुरुस्ती लागते आणि कॅनडाच्या हिवाळ्यात नळ गोठू नयेत म्हणून कोणी राहत नसतानाही गरम ठेवावे लागते.

यात इतर नागरिकांचे काय गेले? हे समजून घेण्यासाठी कराचा हिशेब पाहू. आपल्याकडे ज्याला संपत्तिकर म्हणतात आणि महाराष्ट्रात घरपट्टी, तसा कर तेथेही इमारतीच्या किमतीवर बसतो. समजा, बाजारातील दहा दुकानदारांना मिळून महापालिकेला १,००० रुपये द्यायचे आहेत. एक मोठा दुकानदार ६०० देतो आणि बाकीचे नऊ जण ४००. आता मोठ्याच्या दुकानाची किंमत निम्म्याहून कमी झाली, तर त्याचा वाटा घटेल. पण रस्ते झाडायचा खर्च तेवढाच राहील. फरक कोण भरणार? उरलेले नऊ जण! कॅलगरीत नेमके हेच झाले. मध्यभागातील कचेऱ्यांची एकूण किंमत २०१५ नंतर सहा वर्षांत सुमारे १६ अब्ज डॉलरने उतरली आणि कराचा बोजा दूरच्या वस्त्यांतील न्हावी, बेकरीवाले, छोटे कारखानदार यांच्यावर सरकला. २०१९ मध्ये हे लोक नगरभवनासमोर निदर्शने करायला जमले होते. कचेऱ्या रिकाम्या झाल्या मध्यभागी, आणि चटका बसला गावाच्या टोकाला.

२०२१ मध्ये तेथील नगर परिषदेने ठरवले की, जो मालक कचेरीचे घरांत रूपांतर करील त्याला दर चौरस फुटामागे ७५ डॉलर अनुदान द्यायचे, आणि तेही काम पूर्ण झाल्यावर. २०३१ पर्यंत ६० लाख चौरस फूट कचेऱ्या अशा प्रकारे कमी करायच्या हे उद्दिष्ट. सातवी-आठवीच्या मुलांनी येथे थांबून गुणाकार करावा. ७५ गुणिले ६०,००,००० म्हणजे ४५ कोटी डॉलर. सुरुवातीस मंजूर झाले होते साडेचार कोटी. म्हणजे उद्दिष्टाच्या बरोबर एक दशांश! पुढे ही रक्कम अनेक पटींनी वाढवावी लागली. आमच्या मते आधी थोड्या पैशांवर करून पाहिले हे शहाणपणाचेच झाले, कारण पहिल्या इमारतींनी पुढच्यांना वाट दाखवली. कॉर्नरस्टोन नावाच्या दहा मजली कचेरीत ११२ घरे झाली आणि २०२४ मध्ये तेथे कुटुंबे राहू लागली. बॅरनसाहेबांच्या त्या जुन्या इमारतीतही आता शंभराहून अधिक घरे आहेत. मालक वर राहत असे, आता भाडेकरू सगळ्या मजल्यांवर राहतात.

यातली एक इमारत आम्हांला विशेष भावली. सिएरा प्लेस नावाच्या कचेरीत ८२ परवडणारी घरे केली आणि त्याच इमारतीत बेघर कुटुंबांसाठी निवाराही ठेवला. तिचे नवे नाव निओमा. बाकी बऱ्याच इमारतींत बाजारभावानेच भाडे द्यावे लागते. सरकारी पैसा मिळूनही गरिबाला घर मिळेलच असे नाही, आणि यावर तेथे टीकाही होते. ती आम्हांला रास्त वाटते.

आता धड्याचा मुख्य भाग. सगळ्याच रिकाम्या कचेऱ्यांत घरे का करत नाहीत?

याचे उत्तर खिडकीत आहे. जुन्या काळी कारकुनाला दिवसाच्या उजेडात लिहावे लागे, म्हणून इमारती अरुंद असत आणि कोणतेही मेज खिडकीपासून फार लांब नसे. १९३८ मध्ये ट्यूबलाइट बाजारात आली, पाठोपाठ वातानुकूलन पसरले आणि खिडकीची गरज सरली. मग इमारती जाड होऊ लागल्या, कणकेच्या गोळ्यासारख्या. अशा मजल्याच्या मधोमध उभे राहिले तर खिडकी पन्नास-साठ फूट लांब असते. तेथे टंकलेखन करता येईल, पण घर होणार नाही. झोपायच्या खोलीला उजेड आणि हवा हवीच, आणि कायदाही तेच सांगतो. शिवाय कचेरीत संडास आणि नळ मध्यभागी एकाच ठिकाणी असतात. वीस घरे करायची तर वीस स्वयंपाकघरांपर्यंत पाणी न्यायला हवे, वीस मोऱ्यांचे सांडपाणी उताराने बाहेर काढायला हवे. त्यासाठी प्रत्येक स्लॅबला भोके पाडावी लागतात. गेन्स्लर या वास्तुरचनाकार संस्थेने अनेक शहरांतील अशा इमारती तपासून गुण दिले, तेव्हा जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या आसपास इमारती योग्य ठरल्या.

जाड इमारतीवर एक उपाय मात्र निघाला आहे, आणि तो आपल्या आजोबा-पणजोबांना सांगितला असता तर त्यांना नवल वाटले नसते. न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर १८० क्रमांकाच्या कचेरीत वास्तुरचनाकारांनी मधोमध वरपासून खालपर्यंत मजले कापून काढले आणि आत उजेड आणला. जेवढी जागा कापली तेवढी छतावर नवे मजले चढवून भरून काढली. मुलांनो, हा वाड्याचा चौकच नव्हे का? लष्करमधल्या जुन्या वाड्यांत चारही बाजूंच्या खोल्यांना उजेड कोठून येतो, ते एकदा घरी विचारा.

न्यूयॉर्कने ही वाट पूर्वीच धरली होती. १९९५ मध्ये त्या शहराच्या दक्षिण टोकाच्या कचेऱ्यांच्या भागासाठी करसवलत सुरू झाली आणि अकरा वर्षांत सुमारे तेरा हजार घरे तयार झाली. तोवर संध्याकाळी सहानंतर ओस पडणाऱ्या गल्ल्यांत बाबागाड्या दिसू लागल्या. पण एक गोष्ट नियोजनात मागे पडली, ती म्हणजे शाळा. मुले वाढली आणि तेथील वर्ग खचाखच भरले. पुढे स्प्रूस स्ट्रीटवर ७६ मजल्यांची नवी निवासी इमारत झाली, तेव्हा तिच्या खालच्या मजल्यांवर सरकारी प्राथमिक शाळा बसवण्यात आली. घरांचा आराखडा करणाऱ्यांनी एखाद्या मुख्याध्यापकाला आधी विचारले असते तर बरे झाले असते, असे आम्हांला राहून राहून वाटते!

कचेऱ्या गावातून निघून जाण्याचा अनुभव ग्वाल्हेरला नवा नाही. मध्य भारत राज्य असताना हिवाळ्यात राजधानी येथे असे आणि उन्हाळ्यात इंदूरला. जयाजीराव शिंद्यांच्या काळातल्या मोती महालात तेव्हा सचिवालय होते, म्हणजे महालाची कचेरी झाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला गेली. महालेखापालांची कचेरी, महसूल मंडळ, उच्च न्यायालयाचे खंडपीठ असे काही येथे राहिले, म्हणून शहराचा कणा शाबूत राहिला. वडीलधाऱ्या मंडळींना त्या दिवसांच्या गोष्टी माहीत असतील. त्यांनी त्या लिहून दिल्यास या पत्रिकेत अवश्य छापू.

आता आपला मजला. जानेवारीत दहावीच्या मुलांनी कुलूप उघडून घेतले, मोजपट्टी लावली आणि नकाशा काढला. लांबी ९६ फूट, रुंदी ३२ फूट, क्षेत्रफळ ३,०७२ चौरस फूट. दोन्ही लांब भिंतींना खिडक्या आहेत. म्हणजे मजल्यावरची कोणतीही जागा खिडकीपासून सोळा फुटांहून फारशी लांब नाही. जुन्या गवंड्याने उजेडासाठी जे केले ते आपल्या उपयोगी पडले. वाईट बातमी दुसऱ्या टोकाला आहे. संडास एकच, जिन्याच्या मागे, आणि सांडपाण्याचा पाइपही तेथेच उतरतो. वसतिगृह करायचे तर न्हाणीघरे त्याच टोकाला एकत्र घ्यावी लागतील. जिनाही एकच आहे. आग लागली तर मुलींनी उतरायचे कोठून, हा प्रश्न नववीतल्या एका मुलीने विचारला. आमच्या लक्षात तो आला नव्हता. दुसरा जिना मागच्या अंगणात उतरवता येईल असे तिने नकाशात दाखवले आहे.

आमचे स्वतःचे मत वसतिगृहाकडे झुकते हे लपवत नाही. भिंड-मुरैनाकडच्या मुली दहावीनंतर शिक्षण सोडतात, कारण शहरात राहायला सुरक्षित जागा नसते. पण वसतिगृहातून पहिली काही वर्षे भाड्याइतके उत्पन्न येणार नाही, आणि ज्या मुलांची फी त्या भाड्यातून जात होती ती आजही वर्गात बसलेली आहेत. दुकानांचा पक्ष मांडणाऱ्या विश्वस्तांचा हा मुद्दा खोडून काढण्यासारखे उत्तर अजून आमच्याजवळ नाही. इमारत पाडण्याआधी तिच्या पायाची आणि छताची तपासणी अभियंत्याकडून करून घ्यावी, एवढे मात्र आम्ही लेखी कळवले आहे.

मुलांचा नकाशा कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावला आहे. विश्वस्त मंडळाची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. पालकांमध्ये कोणी स्थापत्य अभियंता किंवा नळकामाचे जाणकार असतील तर त्यांनी त्याआधी एकदा मजला पाहून जावा. किल्ली शाळेच्या कार्यालयात मिळेल.